नवी कॅसेट आणि एकोडीचं बोलावणं

२२ सप्टेंबर १९८५, रविवार

पोरगी हट्टाला पेटली आणि टेपरेकॉर्डर दुकानात आलाच! शकुन म्हणते, रेडिओ नुसता खरखरतो. ती शिकवते त्या बालवाडीतल्या मैत्रिणीकडे हा पडून होता, तो उचलून आणला. मी म्हटलं, हे भांड्यांचं दुकान आहे, लग्नाचा मांडव नाही. गिऱ्हाईक पाण्याचा गुंड वाजवून बघेल की तुझं गाणं ऐकेल? ती हसली आणि बटण दाबलं. माझं ऐकायची या घरात पद्धतच नाही.

कॅसेट नवी होती, गझलांची. गाणाऱ्या बाईचं नाव कधी ऐकलं नव्हतं. मी पराती पुसत होते. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीला हातातला फडका तसाच राहिला. बाजू संपली, खट्ट वाजलं. आणि मीच ओरडले — पालट न, बसली काय!

अकरा वर्षांनी काहीतरी अख्खं ऐकलं. शकुनचे बाबा होते तेव्हा नागपूरहून गाण्यांचे नवे तवे यायचे. आल्या दिवशी दोघं बसून दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय जेवायचो नाही. गणपतीतला एकही कार्यक्रम चुकायचा नाही. ते गेले आणि ऐकावंसंच वाटलं नाही. कोणी मनाई केली नव्हती. आतूनच बंद झालं, झालं.

२५ सप्टेंबर

तीच कॅसेट. आज चारदा. शकुन म्हणाली, "आई, आता तरी दुसरं काही लावू देशील का?"

६ ऑक्टोबर, रविवार

आज स्वतः कॅसेटच्या दुकानात गेले. बाजारात जायचं म्हणून निघाले आणि पाय तिकडे वळले. दुकानदार मंगरू, शकुनहून जरासाच मोठा. मला पाहून उठून उभा राहिला आणि आरत्यांचा खोका काढला! "काकू, नवरात्राचं लय मस्त आलं हाय." म्हटलं, आरत्या मले पाठ आहेत बापा, नवीन काय आलं ते दाखव. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग भजनं काढली. मग मीच काउंटरवर वाकून खालचा खोका ओढला.

भावगीतांची एक आणली. कोरी, वेष्टण न फोडलेली. रिक्षात चारदा पिशवीत हात घालून बघितली.

शकुन म्हणते, वर बांधून ठेवलेले बाबांचे तवे काढू. नको म्हटलं. त्या तव्यांवर सगळीकडे तेच आहेत. कोणत्या ओळीला ते मान डोलवायचे, तेसुद्धा ठाऊक आहे. ते ऐकून घर डोळे पुसत बसणार. मला नवं पाहिजे. नव्या गाण्याला अजून कोणाची आठवण चिकटलेली नाही. पुढची ओळ काय येईल ते माहीत नसतं — तीच तर मजा!

१९ ऑक्टोबर, शनिवार

गेले! कार्यक्रमाला गेले!

नवरात्राच्या मांडवात ऑर्केस्ट्रा होता, संध्याकाळी सहाला. शकुनने ओढतच नेलं. मी मागे बसणार होते, म्हणजे कोणी बघायला नको. पण मागून पेटीवाल्याची बोटं दिसेनात. मग तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. पहिला ठोका पडला आणि छातीत धडधडलं. कॅसेट चांगलीच, पण खुर्चीचा पाय थरथरतो ते कॅसेटमध्ये कुठून येणार?

शेजारी आमचं एक गिऱ्हाईक निघालं — एकोडीचे गोपीचंद. धानाची शेती आहे, बायको जाऊन सहा-सात वर्षं झाली. दरवर्षी दिवाळीत भांडी न्यायला येतात. मागचे लोक बडबडत होते त्यांच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुमचं झालं की सांगा, मंग त्यायले गायले सांगतो." मला हसू आवरेना. मग क्लॅरनेटवरून आमचं वाजलं. ते म्हणाले वरच्या पट्टीत फाटला, मी म्हटलं फाटला नाही, माइक जवळ होता. निघताना म्हणाले, "सुलोचनाबाई, दिवाळी झाली का एकोडीच्या मंडईच्या जत्रेले या. दुपारची खडी गंमत हाय, शाहिराचा तमाशा, ढोलकीवाला गजब हाय. शकुनलेही आना."

नवाच्या आत घरी.

२० ऑक्टोबर

सकाळीच मोठे दीर हजर. मारोतराव भाऊजींना गावातली बातमी चहाच्या आधी लागते. "सुलोचना, तिसऱ्या रांगेत बसली होती म्हने! घरात लग्नाची पोरगी हाय अन् तू ऑर्केस्ट्रा पाहून राह्यली?"

मी चहा पुढे केला. मग एकोडीच्या बोलावण्याचं सांगितलं, तर माणूस एकदम बदलला. "गोपीचंदनं बोलावलं? पोरीले घेऊन? अवं, त्याचा पोरगा तुलाराम वरठीच्या कारखान्यात हाय! फटफटी हाय त्याच्याजवळ! मंडईले काय लोक उगाच बोलावतेत?"

खरंच की. मंडईचं बोलावणं म्हणजे सोयरीक बघणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दंडार-गंमत, नाचगाणं नावाला, घर बघायचं, माणसं बघायची. मी मात्र ढोलकीच्या नादात विसरले.

शकुन एकवीसची झाली. दोन स्थळं परत गेली — एकाने म्हटलं बाप नाही, दुसऱ्याने म्हटलं आई दुकानात बसते. आता तिसऱ्याने म्हणायला नको की आई गाणी ऐकत हिंडते. हे जुळलं पाहिजे. मंडईपर्यंत टेपरेकॉर्डर बंद! शपथ.

२४ ऑक्टोबर

शपथ मोडली. मंगरूकडे नवीन आली होती, मी काय करू?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एकोडीला जाऊन आलो. पाय मोडले, पण काय दिवस गेला!

साकोलीपर्यंत यष्टीत उभं. पुढे गोपीचंदांनी बैलांचं खाचर पाठवलं होतं. घर नीटनेटकं, अंगणात धानाच्या पेंढ्या. त्यांची बहीण रत्नाबाई घर सांभाळते. उडदाचे वडे, भात, खीर, आणि वाढणं असं की नाही म्हणायची सोय नाही. रत्नाबाई माझ्याकडेच टक लावून बघत होती. म्हटलं, आईवरून मुलगी पारखत असेल. मी पदर सावरून बसले आणि दोन वडे कमी खाल्ले.

मग गंमत सुरू झाली आणि माझं सगळं धोरण पाण्यात गेलं! चिंचेखाली सगळं गाव गोळा. शाहीर साठीचा, आवाज खणखणीत. आणि ढोलकीवाला — डोळे मिटून वाजवतो, मान एकीकडे, हात भलतीकडे! मी शेवटी टाळ्या नाही, मांडीवर थापाच मारत होते. गोपीचंद म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं?"

घरी आलो तर भाऊजी ओट्यावर वाट बघत.

"पोरगा कसा हाय?"

"चांगला आहे. उंच आहे."

"रंग?"

आली का पंचाईत! "सावळा... गोराच म्हणा."

"काय बोलला?"

मी म्हटलं, ढोलकीवाला काय वाजवतो भाऊजी! ते कपाळाला हात लावून बसले. खरं सांगायचं तर तुलारामला मी नीट पाहिलंच नाही. आता रस्त्यात भेटला तर ओळखायची नाही. शकुन मात्र आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होती. हिला काय एवढं हसू येतं?

२० नोव्हेंबर

गोपीचंद दुकानात. गुंड घ्यायचा म्हणाले. एक गुंड तीनदा वाजवला, दुसरा चारदा, मग पहिलाच बरा म्हणाले. तास गेला. तेवढ्यात माझ्या नव्या कॅसेटची फीत गुंतून बाहेर आली. मी रडकुंडीला! त्यांनी शांतपणे शकुनची पेन्सिल मागितली आणि एकेक घडी सोडवत फीत परत गुंडाळली. जराही चुरगळली नाही. मग दोन्ही बाजू ऐकूनच उठले. आणि गुंड विसरून गेले!

व्याही असावा तर असा. पोरीचं लग्न झाल्यावर सणावाराला बोलायला तरी काही राहील.

१ डिसेंबर, रविवार

दुसरं बोलावणं. वरठीला कारखान्याच्या वसाहतीत दुपारची गाण्याची बैठक. भाऊजी म्हणाले, "जाच. दुसऱ्यांदा गेलं म्हनजे आपला होकार समजतेत." मी नवं पातळ नेसले.

यावेळी मनाशी ठरवून तुलारामला पाहिलं. सावळा आहे, नाकीडोळी नीट, "काकू बसा" म्हणून स्वतः सतरंजी झटकली. गुणी पोरगा. पण शकुनचं काय करावं! सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "तुलाराम भाऊ, पानी आना जरा." भाऊ! होणाऱ्या नवऱ्याला कोणी भाऊ म्हणतं? मी तिला चिमटा काढला तर ही ओरडली, "आई, काहून चिमटते?" धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गायक तरुण होता, सुरुवातीला घाबरलेला. मध्यावर आवाज सुटला आणि अंगावर काटा आला. डोळे भरले. बाजूला पाहिलं तर गोपीचंदांचेही भरलेले. दोघंही दुसरीकडे बघायला लागलो.

११ डिसेंबर

एकोडीहून चिठ्ठी नाही, निरोप नाही. दहा दिवस झाले.

भाऊजी बोलले ते बोललेच — "मांडीवर थापा मारत होती म्हने. कोनता बाप अशा घरची पोरगी करन?"  

माझ्या हौसेपायी पोरीचं नुकसान झालं असेल तर मी काय करू? सातही कॅसेटी मोठ्या पितळी गंजात घातल्या आणि वर झाकण ठेवलं. शकुन म्हणाली, काढ त्या बाहेर. मी तिच्यावर खेकसले. मग दोघीही जेवलो नाही.

१५ डिसेंबर, रविवार

 आजचं आजच लिहून ठेवते.

रत्नाबाई आली. सोबत नारळ आणि पातळ! माझा जीव भांड्यात पडला. भाऊजींना बोलावलं, चहा ठेवला, शकुनला म्हटलं केस नीट कर. रत्नाबाई म्हणाली, "पोरीले कायले त्रास देता? मी शकुनसाठी नाही आली. आमच्या तुलारामचं तर तुमसरले ठरलं, माघात लग्न हाय." मग पातळ माझ्या पुढ्यात ठेवलं. "मी माह्या भावासाठी आली. गोपीभाऊसाठी तुमालेच मागून राह्यलो, बाई."

भाऊजींना चहाचा ठसका लागला. मी जागची उठले. काय काय बोलले आठवत नाही. पातळ उचलून तिच्या हातात दिलं एवढं आठवतं. माझ्या पोरीची दोन स्थळं परत गेली, आणि मी बेचाळिसाव्या वर्षी बाशिंग बांधू?

ती गेल्यावर शकुनला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"सगळ्यायलेच मालूम होतं आई. मले तुलाराम भाऊनं मंडईतच सांगितलं. तुलेच दिसत नव्हतं."

१६ डिसेंबर

दुकान उघडलं. दिवसभर पितळ घासत बसले.

२२ डिसेंबर, रविवार

शकुनने आज गंजाचं झाकण काढलं आणि समोर येऊन बसली. म्हणाली, मले आत्ता लग्नच नाही करायचं, नागपूरला बी. एड. करायचं आहे. दोन स्थळं गेली तेव्हा तिने म्हणे देवापुढे साखर ठेवली होती! मी इकडे झुरत होते आणि ही साखर ठेवत होती. मग म्हणाली, "मी गेल्यावर तू कोनासंगं ऐकशील?"

मग दुपारभर एकटीनेच विचार केला. राग कशाचा आला होता मला? रत्नाबाईचा नाही. ती "तुमालेच" म्हणाली तेव्हा एक क्षण, एकच क्षण, मला बरं वाटलं. त्याचा राग आला. शकुनच्या बाबांसमोर चोरी पकडली गेल्यासारखं झालं. पण त्यांच्याच सवयीने नवीन कॅसेट आणून पहिल्या दिवशी दोन्ही बाजू ऐकणारी मी, त्यांना हे आवडलं नसतं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

भाऊजी संध्याकाळी आले. मी तयारीत होते, भांडायच्या. तर म्हणतात कसे, "विधवेचा पाट लावाची रीत आपल्यात हायेच. माह्या आत्याचा लावला होता. चांगली नांदली." आणि चहा न घेताच गेले.

२८ डिसेंबर

मंगरूकडून नवीन आणली. ऐकली. दुसरी बाजू जास्त चांगली आहे. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. कोणाला, ते लिहीत नाही.

५ जानेवारी १९८६, रविवार

एकोडीला शंकरपट आहे, बैलांच्या शर्यती, दुपारी गाण्याचा कार्यक्रम. शकुन तयार होऊन दारात उभी. म्हटलं, तू दुकान पाहा, मी एकटी जाते. भाऊजींनी विचारलं, "गानं कोनाचं हाय?"

म्हटलं, "मालूम नाही. आज मी मुलगा पाहायले चालली."