क्लिप कुणी ढिली ठेवली

अण्णा, रविवारी माझ्या गाडीचा पाईप मी माझ्या हातानं काढला आणि तेव्हापासून तुमचा इतका राग आलाय की ऑफिसात धड काम सुचत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या उशिरा भांडायला कुणाकडे जायचं असतं मला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

गाडी सेकंडहँड आहे, टर्बोवाली डिझेल. महिनाभर अडखळत होती. वाळूजला कामावर जाताना ट्रॅक्टर ओलांडायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग पाठीत धक्का देऊन एकदम पळायची. त्या क्षणभरात समोरून येणारी बस मी दोनदा पाहिली. गॅरेजवाल्यानं बोनेट न उघडताच टर्बो बदला म्हणून सांगितलं. पण पुरावा सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणून आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी स्वतः शोधायला बसले. एअर फिल्टर पाहिला, स्वच्छ होता. टर्बोनं दाबलेली हवा ज्या रबरी पाईपांतून इंजिनात जाते, त्यांच्या तोंडांवरच्या पोलादी क्लिपा तपासल्या. तीनदा तपासल्या. घट्ट होत्या, तरी चौथ्यांदा पाना लावला. क्लिप दिसली की मी अशीच वागते, आणि का वागते ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

मी चौदा वर्षांची आहे. आपल्या घरापुढच्या पत्र्याखाली पाचोडच्या एका आडत्याची गाडी उभी आहे, तीही टर्बोवाली डिझेल. आदल्या आठवड्यात तिचा पाईप तुम्ही उतरवून पुन्हा बसवला होता आणि क्लिप आवळायचं काम मला दिलं होतं, पहिल्यांदाच, एकटीला. आता तो आडत्या चार माणसांसमोर ओरडतोय. "काय मिस्त्री, चढावर गाडी दमच खाती की! मागचा ट्रक हॉर्न मारून मारून कान फोडायला लागला." तुम्ही आईकडून उदबत्ती मागून घेता, इंजिन चालू ठेवून धूर पाईपाभोवती फिरवता. कुठं फट असली तर धूर आत ओढला जातो, ही तुमची जुनी खूण. धूर सरळ वर जातो. तुम्ही मान हलवता. "पाईप चांगलाय. पोरीनं क्लिप ढिली ठेवली असंल." आडत्या माझ्याकडे बघतो. "पोरीच्या हाती पाना द्यायला लागले व्हय? उद्या स्टेअरिंग पण द्याल!" सगळे हसतात. अण्णा, तुम्हीही हसता.

त्या दिवसापासून तुम्ही मला पाना दिला नाही. मी मागितला की म्हणायचे, "तुझं लक्ष नाय राहत, तू आपली पुस्तकं बघ." मी पुस्तकं बघितली. आज कारखान्यात दुसऱ्यांनी केलेलं काम तपासते. घरातून निघताना गॅस तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते, ईमेल पाठवल्यावर पुन्हा उघडून वाचते. कामावरच्या मुली म्हणतात, "बाई, तुला पगार एकाचा आणि काम तिघींचं." मी हसते. तुमच्याकडूनच शिकले ते, चारचौघांत हसून घेणं.

रविवारी क्लिपा तपासून झाल्यावर मीही उदबत्तीच लावली. आई म्हणाली, "देवाची उदबत्ती गाडीला? त्यांच्यावरच गेलीस बघ." धूर सरळ वर गेला. मी पाईपाला चांगला म्हणून मोकळी होणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की गाडी उभी असताना त्या पाईपात दाब नसतोच. टर्बो जोरात फिरला की हवा बाहेर ढकलली जाते, आत ओढली जात नाही. तुमची खूण टर्बो नसलेल्या जुन्या गाड्यांची. मग शहागंजमधून प्लॅस्टिकच्या नळाचं एक बूच आणलं, त्याला भोक पाडून चाकाचा व्हॉल्व्ह बसवला, त्यानं टर्बोकडे जाणारं तोंड बंद केलं आणि बेतानं हवा भरली. पाईपांवर भांड्याच्या साबणाचं पाणी शिंपडलं. खालच्या पाईपावर, क्लिपेच्या अगदी कडेला, फसफसून फेस आला. पाईप उतरवून पाहिला तर काहीच दिसेना. बोट फिरवलं, लागेना. शेवटी पाईप गुडघ्यावर वाकवून उजेडात धरला, तेव्हा नखाएवढी चीर उघडली.

आणि मी तशीच बसून राहिले. कारण तुम्हाला असं बसलेलं मी पाहिलं होतं. आडत्याची गाडी दोन दिवसांनी परत आली होती, क्लिप तुम्ही स्वतः आवळलेली असूनही. तुम्ही पाईप उतरवला, गुडघ्यावर वाकवला, उन्हात धरून बराच वेळ बघितला. मग भंगाराच्या पोत्यात टाकला आणि नवा बसवला. मी दारात उभी होते. "आत जा, अभ्यास कर," एवढंच म्हणालात. माझ्या ढिल्या क्लिपेनं पाईपही खराब झाला, असं मी समजले.

तुम्हाला चीर दिसली होती. उदबत्तीनं फसवलं ही चूक झाली, ती मी कधीच माफ केली असती; मीही तीच करत होते. पण त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात. रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतात. भाजी वाढ म्हणायचात, मीठ दे म्हणायचात. 'तो पाईपच फाटका होता' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? आडत्यासमोर नको, आईसमोरही नको, निदान मला एकटीला? मिस्त्रीचा शब्द खाली पडू नये म्हणून तुम्ही मला आयुष्यभराची वेंधळी ठरवून गेलात.

नवा पाईप बसवला. सोमवारी पैठण रोडला गाडी पळवून बघितली, कुठंही अडखळली नाही. आईला चिरीचं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे आता, माणूस गेलं." मी जाऊ देणार नाही.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवायचं ठरवलं होतं. ठेवणार नाही. चीर असली म्हणून क्लिप घट्ट होती असं सिद्ध होत नाही, दोन्ही असू शकतं; हा मुद्दा मी स्वतःच काढला आणि तेव्हापासून तो दिवस पुन्हा पुन्हा आठवून बघतेय. पाना हातात होता हे आठवतं. तुम्ही बाजूला झालात हे आठवतं. मी क्लिप शेवटपर्यंत आवळली होती का, ते मला खरंच आठवत नाही.