मला कुलसचिवपद नको आहे

९ जून, सोमवार. सकाळी, चॅपलच्या आधी.
डॉ. पारधे महिनाअखेर रिटायर होत आहेत. कुलसचिवाची खुर्ची रिकामी होणार. संकल्प: या विषयाचा विचार करायचा नाही.

आमचं ख्रिस्ती विद्यापीठ आहे. राळेगावच्या पुढे, कपाशीच्या मधोमध. इथे वरच्या जागेसाठी कोणी अर्ज करत नाही. अर्ज करणारा लोभी समजला जातो. ‘बोलावणं’ यावं लागतं. म्हणजे स्टाफच्या प्रार्थनेत कोणीतरी उभं राहून म्हणायचं, की प्रभू, अमुक बंधूचं नाव तू माझ्या मनावर घातलं आहेस.

मी उपकुलसचिव आहे. पुष्कळ वर्षं झाली. नाव कोणाचं येणार हे उघड आहे. पण विचार करायचा नाही.

संध्याकाळी.
फिरायला गेलो. वाटेत कुलसचिवांचा बंगला लागला. रस्ता तिकडूनच जातो. नाही, खरं लिहायचं तर जात नाही, मी वळलो. स्वतःशी खोटेपणा नको.

आमचं क्वार्टर मेसच्या वर. खाली पोरांची ताटं आपटतात, वर एस्तेर बारावीचा अभ्यास करते, कानात कापूस घालून. बंगल्यात तिला स्वतंत्र खोली मिळेल. तेव्हा हा स्वार्थ नाही, बापाचं कर्तव्य आहे. तरीही विचार करायचा नाही.

११ जून, बुधवार.
प्रार्थनेत पाळक मारोतराव म्हणाले, हे प्रभू, जे बंधुभगिनी रोज उशिरा येतात त्यांच्या गाड्यांना चांगला स्टार्टर दे. सगळ्यांनी एकेक डोळा उघडून अकाउंट्सच्या सिस्टर शीलांकडे पाहिलं. शीलाबाईंनी लगेच पुढची प्रार्थना केली, की प्रभू, आमच्या पाळकसाहेबांना थोडक्यात बोलण्याचं दान दे. आमच्याकडे तक्रारपेटी नाही. कधी गरज पडली नाही.

असल्या टोमण्यांपासून मी दूर राहतो. मी फक्त झेरॉक्स मशीनसाठी प्रार्थना केली आणि ते जो वापरतो त्याच्या सद्बुद्धीसाठी.

नेमसिंग राठोड नेहमीप्रमाणे बाहेर. हा आमचा परीक्षा नियंत्रक. बंजारा, शेजारच्या तांड्यावरचा. प्रार्थना चालू असते तोवर मोटरसायकलवर बसून खर्रा खातो, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून, ‘आमेन’ ऐकू आलं की थुंकून ऑफिसात जातो. कामाला चोख. त्याच्यासाठी मी मनोभावे प्रार्थना करतो. खर्रा सुटावा म्हणूनही.

१३ जून, शुक्रवार.
उपवास-प्रार्थना. पावसासाठी झाली, नॅकच्या कमिटीसाठी झाली, वसतिगृहाच्या मोटरपंपासाठी झाली. कोणाच्याही मनावर कोणाचंही नाव घातलं गेलं नाही. मी पुढच्या बाकावर बसलो होतो, दिसण्यात काही अडचण नव्हती.

अकराला पोहे खाल्ले. ॲसिडिटी. हेतू उपवासाचाच होता.

रात्री जेवताना बायको, पुष्पा, म्हणाली, “तुमी सरळ कुलगुरूले जाऊन काहून सांगत नाई? मले पाह्यजे म्हना. देवाले मनातलं समजते, पन कुलगुरू देव नाई न.” मी शांतपणे सांगितलं, की मला पाहिजेच नाहीये. म्हणाली, “मंग बंगल्याच्या पडद्याचं माप कायले घेऊन आलते?”

माप नव्हे. दुरून घेतलेला अंदाज होता.

१६ जून, सोमवार.
मार्ग सापडला. डोकं चालवून नाही, चिंतनातून.

जो दुसऱ्याचं नाव घेतो त्याचं नाव लोक घेतात. डॉ. पारधे असेच आले. त्यांनी भर सभेत दुसऱ्याचं नाव पुढे केलं, सभा त्यांच्या नम्रतेने गहिवरली आणि जागा त्यांनाच मिळाली. तेव्हा मलाही कोणाचं तरी नाव घ्यावं लागेल. कोणाचं?

मारोतरावांचं नको, ते लगेच हो म्हणतील. शीलाबाईंचं नको, त्यांचे मेहुणे मॅनेजमेंटवर आहेत. नाव असं हवं, की ते ऐकून सगळ्यांना माझं मन किती मोठं आहे ते कळावं आणि ते होणं मात्र शक्य नसावं.

नेमसिंग राठोड. इथे आजवर ख्रिस्ती नसलेला कुलसचिव झालेला नाही.

मनाला टोचणी लागली: ही लबाडी तर नव्हे? बराच वेळ तपासलं. नेमसिंग लायक आहे, हे सत्य आहे. तो होणार नाही, हेही सत्य आहे. दोन सत्यं मिळून लबाडी कशी होईल? निश्चिंत झालो.

१८ जून, बुधवार.
प्रार्थना केली. उत्तम झाली. म्हणालो, प्रभू, आम्ही आपल्याच अंगणात पाहतो, तू मात्र कुंपणापलीकडेही पाहतोस. आमचा बंधू नेमसिंग याचं नाव तू माझ्या मनावर घातलं आहेस. आणि मला, तुझ्या या दासाला, मागेच ठेव. शेवटच्या वाक्याला माझा आवाज रडवेला झाला. तो ठरवलेला नव्हता.

‘आमेन’ फारच मोठ्याने झालं. कुलगुरूंनी चष्मा काढून पुसला. पाळकांनी माझा हात दाबला. घरी येताना शीळ घालत होतो, हे जिन्यात लक्षात आलं. थांबवली.

१९ जून, गुरुवार.
नेमसिंग केबिनमध्ये आला. म्हणाला, “काहून भाऊ, माया नावानं आतमंदी काय करून राह्यले? मी बाहीर खर्रा घोटून राह्यलो, अन् आतून मायं नाव, अन् तुमचा रडका आवाज. मले वाटलं, मीच मेलो का काय!”

मी म्हणालो, देवाने सुचवलं ते बोललो. म्हणाला, “तुमचा देव मले ओयखते?” मी म्हणालो, सगळ्यांना ओळखतो. म्हणाला, “मंग खर्र्याचंबी मालूम असन,” आणि हसत गेला. साधा माणूस आहे. वाईट वाटू नये म्हणून त्याला नंतर चहा पाजायचा.

२० जून, शुक्रवार.
पाळक उठले आणि म्हणाले, माझ्याही मनावर नेमसिंगचंच नाव आहे. शीलाबाई उठल्या, त्यांच्याही. मग लायब्ररी उठली. हे सगळं माझ्या प्रार्थनेला दिलेलं अनुमोदन आहे, म्हणजे पर्यायाने माझंच कौतुक. माझं नाव अजून आलेलं नाही. एकदम कसं येईल? आधी वातावरण तयार व्हावं लागतं.

नेमसिंगला कोणीतरी आत आणून शेवटच्या बाकावर बसवलं होतं. गालात काही नव्हतं.

२३ जून, सोमवार.
कुलगुरूंचं बोलावणं आलं. खरोखरचं, शिपायाकडून. इस्त्रीचा शर्ट होताच अंगात. गेले काही दिवस रोजच असतो.

साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, अतुल, आमच्या मनात नेमसिंगच होता. मॅनेजमेंटची संमतीही होती. पण सुरुवात कोण करणार? लोक काय म्हणतील? आणि खरं सांगू, भीती तुझीच होती. तुझा हक्क होता. तू दुखावला असतास तर आम्ही थांबलो असतो. पण तूच दार उघडलंस. आणि तुला मागे ठेवावं ही तुझी विनंती, म्हणाले, तीही आम्ही आदराने मान्य केली आहे.

मी ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणालो.

२४ जून, मंगळवार.
कॅज्युअल लीव्ह. पोट. पुष्पाला सांगितलं. तिने भांडी जोरात घासली. खाली मेसमध्येही घासत होते.

प्रार्थनेचं शुद्धिपत्रक काढता येतं का? मसुदा केला: ‘प्रभू, मागील बुधवारी केलेल्या विनंतीतील अखेरच्या वाक्याचा आशय मर्यादित अर्थाने घ्यावा.’ उद्या सर्वांसमोर म्हणायचं. ठाम निर्णय.

२५ जून, बुधवार.
उठलो. सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहत होते, की पावसासाठी प्रार्थना केली. बाहेर पाऊस पडत होता.

३० जून, सोमवार. संध्याकाळी.
नेमसिंग क्वार्टरखाली आला. हाक मारून खाली बोलावलं. गाडीवरून उतरला नाही. म्हणाला, “भाऊ, उद्या चार्ज घ्याचा हाय. एक इचारू? मले परीक्षेचंच काम बरं हाय. तांड्यावर मायं घर हाय, बंगला घेऊन काय करू? तुमच्या मनात असन तं आत्ताच सांगा. असाच जातो कुलगुरूकडे, म्हन्तो मले जमत नाई, अतुल सरले द्या. पन खरं सांगा.”

चेष्टा नव्हती. गाडीचं तोंड बंगल्यांच्या रस्त्याकडेच होतं.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. जेवणाचा आग्रह असो की पदाचा, पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान खाली घालून हो. लहानपणापासून अंगात मुरलेली.

मी म्हणालो, छे छे, माझ्या मनात तसलं काही नव्हतं.

म्हणाला, “पक्कं?”

म्हणालो, पक्कं. देवाची इच्छा.

आणि मान खाली घालून वाट पाहिली.

तांड्यावर ही रीत नाही. तिथे नाही म्हणजे नाही. नेमसिंग म्हणाला, “बरं झालं इचारलं. जीव हलका झाला भाऊ. तुमच्यासारखा मानूस पाह्यला नाई,” आणि त्याने किक मारली.

मी त्याच्या मागे धावलो. त्याने ब्रेक लावला, मान वळवून म्हणाला, “काय?”

मी म्हणालो, रस्ता ओला आहे, सावकाश जा.

वर आलो. पुष्पाने विचारलं, “कायले आलते राठोड सर?” म्हणालो, सहज. एस्तेरने कानातला कापूस काढला आणि विचारलं, “बाबा, कोणाच्या मागे धावत होते?”