हिरव्या खड्यांची तपासणी

६ फेब्रुवारी १९७४, बुधवार

बुधवार आला की आमच्या ब्लॉकचं दुकान होतं! ज्योतिषी सांगतात — बुध बिघडलाय, पाचू घाला, बुधवारीच घाला, करंगळीत घाला. लोक अंगठी करून आणतात आणि बोटात घालायच्या आधी माझ्यासारख्या हौशी परीक्षकाकडे येतात, खडा खरा का ते बघायला.

आज तिघे. एक सरळ काच — आत गोल बुडबुडे, भिंगातून लख्ख दिसले. दुसरा पेरिडॉट, स्वस्तातला हिरवा खडा. त्यातून पाहिलं की मागच्या कडा दुहेरी दिसतात, फसायची सोयच नाही. तिसरा टुर्मलीन. एका बाजूने पोपटी, फिरवला की काळपट. तिन्ही गिऱ्हाइकं तोंड पाडून गेली.

माझ्या नोंदवहीप्रमाणे आजवर एकतीस हिरवे खडे झाले. पाचू — शून्य! खरा पाचू मी अजून फक्त पुस्तकात पाहिलाय. हे अर्थात कोणाला सांगत नाही.

चित्रा म्हणाली, "कंपनीत दिवसभर मशीनचे जॉब रिजेक्ट करता, घरी येऊन लोकांचे ग्रह रिजेक्ट करता." बायको विनोदी मिळाली आहे. तक्रार नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार. कंपनीची साप्ताहिक सुट्टी

आमच्या कँटीनमधला भिवा मोशीहून सायकल मारत आला. फडक्यात गुंडाळलेला हिरवट खडा, अंड्याएवढा. त्यांच्याकडच्या खाणीत सुरुंग लावला, तेव्हा कातळाच्या पोकळीत सापडला म्हणे.

"सायेब, पाचू हाय न्हवं?"

सुई ओढली, ओरखडा उठला. कडेला नख लावलं तर पापुद्राच निघाला. म्हटलं, भिवा, पाचूवर सुई चालत नाही. याचं नाव अपोफिलाइट. दिसायला झकास, अंगठीला निकामी.

"न्हाई व्हय?" म्हणाला. मग स्वतःच हसला. "ऱ्हाऊ द्या. खिडकीत ठिवतो. ऊन पडलं की लई ग्वाड दिसतंय." असा माणूस असावा! मला उगाच बरं वाटलं दिवसभर.

११ फेब्रुवारी, सोमवार

एक खडा घरातच आहे आणि त्याला हात लावायची मला बंदी. चित्राची अंगठी.

सासऱ्यांनी — अण्णांनी — जाण्याआधी दोघी मुलींसाठी दोन अंगठ्या करून ठेवल्या होत्या. हुबेहूब सारख्या, हिरव्या खड्याच्या. दोन डब्या, वर नावांच्या चिठ्ठ्या. तेराव्याला शैलाताईंनी, म्हणजे थोरल्या बहिणीने, चित्राची डबी तिच्या हातात ठेवली. आणि दुर्गाआत्या तिथेच बोलून गेल्या, "सोनारानं सांगितलं मला. पाचू एकीतच आहे. दुसरीत काच आहे."

काच कोणाच्या वाट्याला आली, हे चित्राने तेव्हाच ठरवून टाकलं. अण्णांना डॉक्टर जावई हवा होता. तिने कारखान्यातला इन्स्पेक्टर गाठला, तोही रजिस्टर लग्न करून! सहा वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत. शेवटच्या आजारातसुद्धा नाही.

आज पुन्हा विषय काढला. "नको," म्हणाली. "कळत नाही तोवर अण्णा अर्धे तरी माझे आहेत." मी पेपर उघडून बसलो. वाचला मात्र नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जेवणाच्या डब्यात, चटणीच्या पुडीशेजारी, कागदात गुंडाळलेली अंगठी. घरी गेलो तर चित्रा म्हणाली, "बघा एकदाचं. काच असेल तर काच."

१६ फेब्रुवारी, शनिवार

काय करून बसलो मी!

कंपनीत भिंग लावून पाहिलं — बुडबुडा एक नाही. पण आत धूसर, शेवाळ धरल्यासारखं. वाटलं, मागून मळ बसलाय. आणि आमच्या खात्याचा नियमच आहे — जॉब धुतल्याशिवाय मोजायचा नाही. तेल-ग्रीस काढायला गरम ट्रायक्लोरची टाकी आहे. हात आपोआप गेला. जाळीत ठेवली, दहा मिनिटं सोडली. एखादा बेअरिंगचा बॉल धुवावा तशी!

बाहेर काढली तर खड्याभर पांढऱ्या भेगा. आरपार. हिरवा रंग मागे कुठेतरी उरलेला.

घरी सांगितलं, बघायला वेळच झाला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललो.

१७ फेब्रुवारी, रविवार

शिफ्ट सुटल्यावर थेट इकबालभाईकडे. स्टेशनजवळ घड्याळं दुरुस्त करतात, खडेही बसवतात. उमेदवारी जयपूरला केलेली. अंगठी पाहिली आणि डोळ्यावरचं भिंग काढून माझ्याकडे बघतच राहिले.

"हे काय केलं राव? कशात टाकली?"

सांगितलं. कपाळावर हात मारला त्यांनी. "मुकुंदभाऊ, पाचूला कोणी असली अंघोळ घालतं का? याच्या अंगात जन्मापासून भेगा. जयपूरवाले त्यात तेल पाजतात, म्हणून साफ दिसतो. तुम्ही सगळं तेल काढून घेतलं बिचाऱ्याचं!"

"पाचू?" मी विचारलं.

"मग काय? काच कुठून तेल पिणार? पक्का पाचू आहे. सोडा इथं, कोमट तेलात ठेवतो. आठ दिवसांनी या. आणि भाऊ, त्या टाकीजवळ नेऊ नका परत."

दुकानातून निघालो तो जवळजवळ पळतच. घरी सगळं सांगितलं — टाकी, भेगा, कालचं खोटं, सगळं. चित्रा आधी रागावली. मग खाली बसली आणि रडली. मग हसायला लागली. "अण्णांचा राग गेला होता हो! बोलले नाहीत, पण गेला होता!"

मला इतका आनंद लग्नाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. (त्या दिवशी भीतीच जास्त होती.)

१८ फेब्रुवारी, सोमवार

चित्राने ताईंना मिरजेला चार पानी पत्र टाकलं. म्हणाली, "आत्यांनी उगीच पुडी सोडली होती. अण्णा ताईला काच देतील होय? शक्यच नाही."

वहीत नोंद केली — क्रमांक छत्तीस, पाचू. एक!

२५ फेब्रुवारी, सोमवार

अंगठी आली. भेगा गेल्या, हिरवागार. चित्रा कणीक मळतानासुद्धा काढत नाही. घरात दिवसभर गुणगुणणं चालू आहे, भाजीत मीठ दोनदा पडतंय. पडू दे.

१० मार्च, रविवार

संध्याकाळी शैलाताई आल्या. हात धुताना त्यांनी अंगठी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. वाईट सवय — मी भिंग लावलं. काच. बुडबुडे मोजता येतील इतके.

मागे वळलो तर ताई उभ्या.

"ठेवा ती," म्हणाल्या. "अण्णांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, चित्राला काच पुरे. चिठ्ठ्या मी बदलल्या. तिला कळता कामा नये, मुकुंदराव."

तेवढ्यात चित्रा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. "अय्या, बघितलीत ताईची? काय निघालं?"

"तुझ्यासारखीच आहे," मी म्हणालो. "दोन्ही सारख्या."