राग ठेवायची जागा

दादा,

लहानपणी मी पाटी आपटून फोडली, तेव्हा तू म्हणाला होतास, "एवढा राग ठेवतेस तरी कुठे गं?"

काल डॉक्टरीणबाईंनी ती जागा दाखवली. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी, वजन कोटाच्या दोन बटणांएवढं. रागाने छाती धडधडते, भीतीने पाय पळत सुटतात, ते तिच्याच जिवावर. जन्मभर शिवणकाम केलं, पण एवढं बारीक काम पाहिलं नव्हतं. त्यातच माझी कर्करोगाची गाठ आहे.

"पसरलेली नाही, म्हणून मोठा छेद घेऊन अख्खी काढू," त्या म्हणाल्या. "वरचं वेष्टण फाटता कामा नये. मग दोनेक वर्षं गोळ्या. पसरली असती, तर केमो."

"म्हणजे अस्तर न उसवता कापसासकट काढायचं," मी म्हटलं. त्या हसल्या.

अशा गाठीने माणूस उगाच भडकतो म्हणे. गेल्या वर्षी मी तुला घराबाहेर काढलं, तेही त्यामुळेच असेल. पण दादा, शब्द मी निवडून वापरले होते.

सोमवारी ऑपरेशन आहे. हे पत्र टाकायचं धाडस होत नाही. आजारी आहे म्हणून मला माफ करू नकोस, एवढंच मागणं. तू ऐकायचा नाहीस.

तुझी,
पाटीफोडी