रजेवरचा पत्ता

पप्पा,

आज पाण्याचा दिवस होता. गारखेड्यात अजूनही आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते यायच्या वेळी कुणीतरी घरात लागतं. तो कुणीतरी म्हणजे मी. तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून मीच. तेराव्याला मामा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता ड्युटी तुझी. आईला सोडून कुठं जायचं नाय." मी मान हलवली. सात शाळा बदललेला, बारावीनंतर पुस्तकाला हात न लावलेला, कुठल्याच गावात दोन महिन्यांवर न टिकलेला माणूस मी, आणि तीन वर्षांत मामांच्या पैठणच्या पलीकडं गेलेलो नाही. महिन्यातून एकदा आईला स्कूटरवर मागं बसवून छावणीतल्या मिलिटरी कॅन्टीनला नेतो. ती आत रांगेत उभी असते तेवढ्या वेळात मी पडेगावच्या रस्त्यानं थोडा पुढं जातो, ट्रक बघत उभा राहतो, नंबरच्या पाट्यांवरून राज्य ओळखतो. परवा पंजाबची एक गाडी दिसली. ड्रायव्हर टायरला लाथा घालून हवा बघत होता, त्याच्याशी बोलता बोलता अर्धा तास गेला आणि आई पिशव्या घेऊन उन्हात उभी. तुम्ही म्हणायचात ना, ह्याला मीठ आणायला पाठवलं तर समुद्र बघून येईल.

त्या गाडीमुळं पठाणकोटचं घर आठवलं. मी सहावीत असेन. आपल्या घरात कुठंही जायचं तर कागदावर अर्ज लिहायचा, हा तुमचा कायदा. रजेचं कारण, किती दिवस, रजेवरचा पत्ता. मला वर्गातल्या एका पोराबरोबर दोन दिवस त्याच्या गावी जायचं होतं. गावाचं नाव मी विचारलंच नव्हतं, म्हणून पत्त्याच्या जागी लिहिलं, 'अजून ठरलं नाही'. तुम्ही जेवणाच्या टेबलावर चष्मा नाकावर घेऊन तो कागद एखाद्या फायलीसारखा वाचताय. मी सावधानमध्ये उभा. "पत्ता नसलेल्या माणसाला रजा देता येत नाही," तुम्ही म्हणता. "बोलवायची वेळ आली तर शोधायचं कुठं?" आई तव्यावर भाकरी उलटत आतून ओरडते, "अहो, लेकरू हाय ते! तुमच्या पलटणीतला जवान नाय." "तू मधी बोलू नको. तुझाच पैठणचा अर्ज अजून माझ्याकडं पडून आहे." "ऱ्हाऊ द्या पडून. आज पीठ बी तसंच पडून ऱ्हातं बघा!" तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. पण माझ्या कागदावर 'नामंजूर'च लिहिलंत.

आईचा अर्ज काही नुसता चेष्टेचा नव्हता, हे मला आत्ता कळतंय. दर वर्षी ती माहेरी महिनाभर जायचं म्हणायची आणि आठ दिवसांत परत यायची. तुमची बदली, नवं क्वार्टर, सामान बांधायचं, सोडायचं, माझी शाळा. तुम्हाला रजा मिळायची, तिला कधीच नाही.

मी मात्र अर्ज न करता गेलो. तुम्ही रिटायर होऊन इथं हे घर बांधलंत, मला ऑफिसर करायचं म्हणून क्लासला घातलंत आणि एका सकाळी मी क्लासच्या बसऐवजी दुसऱ्याच एसटीत बसलो. नाशिक, मग इंदूर, मग जिकडं गाडी जाईल तिकडं. पाच महिन्यांनी येतोय असा फोन करून परत आलो तर तुम्ही स्टँडवर न्यायला उभे. मला वाटलं, आता कानफटात बसणार. तुम्ही माझी बॅग उचललीत आणि म्हणालात, "सांगितलं असतंस तर तिकीट मी काढून दिलं असतं. न सांगता जातो त्याला आमच्यात भगोडा म्हणतात." त्यानंतर मी जायचो ते सांगून जायचो. पण तो शब्द काही सुटला नाही अंगावरून.

लिहायला बसलो ते याच्यासाठी की मागच्या आठवड्यात मित्राचा फोन आला. हिमाचलात नदीकाठी त्याचा तंबूंचा कॅम्प आहे, सीझनभर माणूस पाहिजे. "आठवड्याभरात सांग," तो म्हणाला. मी म्हणालो, आईला विचारतो. आठ दिवस झाले, विचारलं नाही. काय विचारू? पोराला जा म्हणताना तिचा चेहरा कसा होईल, तेच डोळ्यांपुढं यायचं.

आज सकाळी ड्रम भरून झाल्यावर ती पायरीवर बसली. पदराला हात पुसत म्हणाली, "एक सांगू का? रागावू नको."

"बोल की."

"मामा म्हणतोय, पैठणला येऊन ऱ्हा. वरची खोली रिकामीच हाय. मला लई जावं वाटतं रे. सकाळी गोदावरीवर जावं, बायांत बसावं. इथं ह्या कॉलनीत कोण हाय माझं?"

"मग जात का नाहीस?"

"कशी जाऊ? तू हाइस ना हितं. तुझे पप्पा दवाखान्यात म्हणले व्हते, ह्याचा काय भरवसा नाय, कुठंबी जाईल. पण येईल तवा घर उघडं दिसलं पायजे."

पप्पा, तुम्ही तिची शेवटची बदली इथं करून गेलात. माझ्यासाठी. ती मला राखत बसली होती आणि मी तिला.

एवढंच म्हणायचं होतं, आई, मलाही जायचंय. फोन खिशात होता. वाक्य जिभेवर आलं होतं. पण तिच्यामागं उघडं दार दिसलं आणि डोळ्यांसमोर तेच दार कुलूप लावलेलं आलं. इतकी वर्षं मी पळालो ते मागं हे घर आहे म्हणून. घरच बंद झालं तर पळायचं कुठून?

मी हसून म्हणालो, "आणि माझ्या भाकरीचं काय?"

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "व्हय, ते बी खरंच," आणि मेथी निवडायला आत गेली.

हे पत्र तुमच्या कपाटात ठेवणार होतो, पण ते ती आवरते, म्हणून फाडून टाकीन. दुपारी मित्राला कळवलं. लिहिलं, आई सोडत नाही.