ईझी-गोइंगचा अर्थ

३ फेब्रुवारी, सकाळी ११.१०
सूनबाई फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. मी शेजारच्या खोलीत नातीच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. कानांची घडी घालता येत नाही.
"ऑफिस सुरू झालं की बाळ माझ्या आईजवळच ठेवणार. ती ईझी-गोइंग आहे गं. सासूबाई… वेल-मीनिंग आहेत."
वेल-मीनिंग! अख्खी शाळा नन्सच्या धाकात काढली, मला इंग्रजी शिकवू नका. हेतू चांगला, पण हात लावेल तिथे घोळ — असा त्याचा अर्थ. गालगुच्चा घेता घेता चिमटा. हा शब्द तिने मागे घ्यायला हवा. तोही लेखी.

४ फेब्रुवारी
नात रडत होती. मी म्हटलं, दुधाची वेळ झाल्याशिवाय उचलू नका, सवय लागते. बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या विहीणबाईंनी उचललं. खांद्यावर घेताच गप्प. माझ्याकडे दिली — पुन्हा टाहो.
"तुमचा चष्मा बोचत असेल हो."
चष्मा काढला. तरी रडलीच.

५ फेब्रुवारी
जळते मी. झालं, लिहून टाकलं.

७ फेब्रुवारी
विहीणबाईंनी जिन्यात गाठलं.
"तुम्ही कॉन्व्हेंटच्या, म्हणून विचारते. ईझी म्हणजे सोपं ना? आणि गोइंग म्हणजे जाणं. परवा लेक फोनवर मला ईझी-गोइंग म्हणाली. म्हणजे, जा म्हटलं की मुकाट्याने जाईल, असंच ना?"
डोळे भरले होते.
मोकळ्या स्वभावाची, कशाचाच बाऊ न करणारी — एवढं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम.
मी म्हटलं, "शब्दांचा अर्थ तर तोच."
खोटं काही बोलले नाही.

८ फेब्रुवारी
गेल्या. लेकीला सांगितलं, गुडघे दुखतात, घरीच बरी. रिक्षात बसताना माझा हात धरला. "तुम्ही तरी खरं सांगितलंत."

९ फेब्रुवारी
नात दिवसभर माझ्याकडे. चष्मा कपाटात. माझ्या खांद्यावरून सारखी दाराकडे बघते.

११ फेब्रुवारी
सूनबाईचा मेसेज — पलीकडच्याच खोलीतून. "आई फोनवर खूप रडली. ईझी-गोइंगचा अर्थ तुम्ही तिला काय सांगितलात, ते शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत लिहून कळवा. आणि मी मैत्रिणीजवळ तुम्हाला वेल-मीनिंग म्हटलं होतं. तो शब्द मागे घेते."