टाचणी विरुद्ध काज

३ मार्च, सकाळी ६.४०
'टाचणी' हा लेख आज महाजालावरील ज्ञानकोशात प्रविष्ट केला. साडेचार हजार शब्द : उद्भव, विकास, सद्यःस्थिती, उपसंहार. दर आठवड्याला सदस्य नव्या लेखांवर कौल देतात आणि ज्याला सर्वाधिक पाठिंबा, तो ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर झळकतो. अकरा वर्षांच्या सदस्यत्वात माझा एकही लेख झळकलेला नाही, कारण मी कधी स्पर्धेत उतरलोच नाही. (दोनदा उतरलो होतो. ते धरत नाही.) या खेपेस मात्र ऑफिसात सर्वांना सांगून ठेवले आहे. मागे फिरणे नाही.
संकल्प : कोणाकडेही मत मागणार नाही. अन्य लेखांविषयी मत्सरापोटी एक अक्षर लिहिणार नाही. कौल दिवसातून एकदाच पाहीन.

६.५५
पाहिला. शून्य.

७.०५
शून्य. लोक अद्याप निद्रिस्त असावेत.

४ मार्च
अभिलेख कक्षात जावक कारकुनाशी सहज विषय निघाला. मत मागितले नाही. केवळ खाते कसे उघडावे, कौलाचे पान कुठे असते आणि 'पाठिंबा' कसा नोंदवावा, एवढे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून समजावले. तो म्हणाला, साहेब, मी टाचणी बोटात टोचण्यापुरतीच ओळखतो. म्हटले, अनुभवजन्य ज्ञान हेही ज्ञानच.

५ मार्च
मानहानी. मतासोबत कारण लिहावे लागते. कारकुनाने लिहिले : 'साहेब मागे उभे आहेत.' प्रचालकांनी मत अग्राह्य ठरवून त्यावर रेघ मारली. या ज्ञानकोशाची रीत अशी की, इथे काही पुसत नाहीत, वरून रेघ मारतात. त्यामुळे ते वाक्य आता यावच्चंद्रदिवाकरौ वाचता येईल. दिवसभर कारकुनाकडे पाहिले नाही. त्याने मात्र चहा आणून दिला. त्यामुळे अधिकच लाज वाटली.
एका सदस्याची पृच्छा : संदर्भ क्रमांक ४ ते ३१ सगळे 'लेखकाचे निरीक्षण' कसे? उत्तर दिले : निरीक्षण लेखकानेच केले म्हणून.

६ मार्च, सकाळी
संगणक उघडला तो आधीच तापलेला. यंत्राचे वय झाले.
प्रतिस्पर्धी लेख आढळला. 'काज'. होय, बटणाचे. लेखक 'दुहेरी टाका' नामक कोणी नवसदस्य. अवघे सहाशे शब्द, चार छायाचित्रे, बारा मते! सौ. वीस वर्षे शिवणाचे वर्ग घेते. तिला विचारले, काजाविषयी सहाशे शब्द लिहिण्यासारखे असते तरी काय? ती म्हणाली, अहो, सहा हजारसुद्धा होतील, पण वाचणाऱ्याची दया यायला हवी ना. तिला या विषयात गती नाही.

७ मार्च
संकल्प क्रमांक दोन मत्सराविषयी होता. समीक्षेविषयी नव्हता. लिहिले :
'तीव्र विरोध. विषय क्षुद्र, शैली घरगुती. छायाचित्रातील सदरा इतका कळकट की, तो परिधान करणाऱ्या गृहस्थाच्या अभिरुचीची कीव यावी. दुसऱ्या काजाशेजारी निळा डागही दिसतो. अशा बेफिकीर इसमाचे वस्त्र ज्ञानाचे साधन होऊ शकत नाही.'
जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. कन्येला ठसका लागला. सौ. म्हणाली, कीव? असंच लिहिलंत? म्हटले, असेच. डाग कसला म्हणालात? म्हटले, शाईचा असावा. मग ती म्हणाली, परत वाचा ना, कीवपासून. प्रशंसेची ही नवी तऱ्हा. पुन्हा वाचले. कन्या पाणी पिण्यासाठी आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

८ मार्च
'दुहेरी टाका'चे प्रत्युत्तर : 'सदरा जुना आहे, मान्य. मी शिवलेला पहिला. घालणारा माणूस तो टाकू देत नाही. म्हणूनच निवडला, एकवीस वर्षांत काज उसवलेलं नाही.'
भावनिक युक्तिवाद. ज्ञानकोशात वर्ज्य.

त्याच दिवशी, दुपारी
'टाचणी'ला पहिले ग्राह्य मत! आणि कोणाचे? त्याच 'दुहेरी टाका'चे. कारण : 'फार लांबलाय, पण लिहिणाऱ्याचा जीव आहे यात. चार संदर्भ खऱ्या पुस्तकांतले शोधून जोडले आहेत, बाकीच्यांचं त्यांनी बघावं.'
पाहिले. संदर्भ बिनचूक. माझ्याकडून एवढी वर्षे झाले नाही ते कोणा अनोळख्याने एका दुपारी केले. क्षणभर विरोध मागे घ्यावासा वाटला. घेतला नाही. प्रतिस्पर्ध्याची ही स्पष्टच शरणागती होती, आणि विजेत्याने विचलित होऊ नये.

९ मार्च
कौल संपला. निकाल उद्या. संध्याकाळी सौ.ने विचारले, लेख नाही आला तर फार वाईट वाटेल का हो? म्हटले, प्रश्नच उद्भवत नाही. ती म्हणाली, बरं, आणि इस्त्री करीत राहिली.

१० मार्च
ऑफिसात पोहोचतो तोच कारकून ओरडला, साहेब, अभिनंदन, मुखपृष्ठावर आलात! सगळा कक्ष त्याच्या पडद्याभोवती जमला. मी विनम्र मुद्रा धारण करून पुढे झालो. मुखपृष्ठावर 'काज' होता. पाठिंबा एकोणीस, विरोध एक.
म्हटले, हा माझा लेख नव्हे. तो म्हणाला, लेख नाही हो, शर्ट! हा डाग माझ्या स्टॅम्पपॅडचा, मागच्या वर्षी सांडलं होतं ना मी, विसरलात? आणि त्याने पडद्यावर एक बोट ठेवले, दुसरे माझ्या छातीवर. दुसरे काज. शेजारी निळा डाग.
तोच सदरा अंगात होता. काल इस्त्री झालेला.
कोणी तरी विरोध वाचू लागले. मोठ्याने. कीवपर्यंत आले आणि थांबले. कोणी हसले नाही. हसायला हवे होते.

संध्याकाळी
घरी गेलो. सौ. म्हणाली, आले का गृहस्थ? मी चपला जागेवर ठेवल्या. ती म्हणाली, काढा तो सदरा, बाहीचा टाका निघालाय, घालते. मग म्हणाली, संदर्भ आठ ते बारा पण सापडलेत मला, नंतर दाखवते.
संगणकापाशी बसलो. कौल संपल्यावर मत मागे घेता येत नाही. स्वतःच्या मतावर रेघ तेवढी मारता येते, आणि तिचेही कारण लिहावे लागते. प्रथम तीन परिच्छेद लिहिले, त्यांत 'सौंदर्यदृष्टीची सापेक्षता' असा शब्दप्रयोग होता. ते काढले. एक परिच्छेद लिहिला. काढला.
रेघ मारली. कारण : सदरा माझा आहे.